अडकल्यास शांत राहावे

३ मार्च, सकाळी ७.२०
काल डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. दोनदा. दुसऱ्यांदा यंत्र बदलून. म्हणाले, मीठ कमी करा, राग कमी करा, चार आठवड्यांनी पुन्हा दाखवा. मी म्हटलं, मला राग येत नाही. हे जरा ठासून सांगितलं असावं, कारण बाहेरचा कंपाउंडर दार ढकलून आत डोकावला.

आज वाढदिवस. एक्कावन्न पूर्ण. नवी वही. संकल्प: महिन्याभरात स्थितप्रज्ञ व्हायचं. ऋषिमुनींना जन्म लागायचे, पण त्यांच्याकडे गजराचं घड्याळ नव्हतं.

ता. क.: महिनाअखेर आमच्या तक्रार विभागाचे प्रमुख निवृत्त होताहेत. लिफ्ट दुरुस्तीच्या या कंपनीत मला बावीस वर्षं झाली, शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीला सहा. ती आधी मेकॅनिक होती, अजून पर्समध्ये पाना असतो. खुर्ची आम्हा दोघांतल्याच कुणाला तरी मिळणार. मला फळाची इच्छा अजिबात नाही. कर्म करायचं, बस्स. फक्त प्रमुखांचं टेबल खिडकीकडे पाठ करून आहे, ते फिरवून घ्यावं लागेल.

४ मार्च
ध्यान. पाचला बसायचं ठरलं होतं, पावणेसहाला बसलो. डोळे मिटले. उघडले तेव्हा सव्वासात. दीड तास कुठे गेला कळलंच नाही. पहिल्याच दिवशी समाधी! बायको म्हणते, घोरत होतात. सामान्य माणसाला प्राणाचा नाद आणि घोरणं यातला फरक कळत नाही. तिला तसं शांतपणे समजावलं. ती म्हणाली, तुमचा नाद खालच्या मजल्यावरही पोचलाय, त्यांनी विचारलं कुणाचं काय बिघडलंय.

५ मार्च
अध्यात्म ऑफिसातही वापरायला हवं. लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन आमच्याकडे येतात. आज तिघांना सांगितलं, ‘शांत राहा, दीर्घ श्वास घ्या, मनात येणाऱ्या विचारांकडे नुसतं बघा.’ पहिल्याने फोन आपटला. दुसरा म्हणाला, ‘विचार राहू द्या हो, माणूस पाठवा.’ तिसरीने विचारलं, हे रेकॉर्डिंग आहे का? समाज अजून तयार नाही.

६ मार्च
अहिंसा. स्वयंपाकघरात झुरळ निघालं. बायकोने चप्पल उचलली, मी तिचा हात धरला. म्हटलं, त्याच्यातही तोच आत्मा आहे. तिने शांतपणे झुरळावर माझा चहाचा कप उपडा घातला. म्हणाली, ‘आता तुम्ही दोन आत्मे काय ते बघून घ्या.’ आणि कामावर निघून गेली.
पुठ्ठा सरकवून त्याला जिन्यात सोडलं. परत आलं. पुन्हा सोडलं. पुन्हा आलं. चौथ्यांदा माझ्या पायावर चढलं. त्यानंतर जे घडलं त्यात माझा कर्तेपणा नव्हता. वर्तमानपत्राची गुंडाळी हातात होती, हात खाली आला. त्या जिवाची या योनीतली मुदत संपली होती, इतकंच.

९ मार्च
अपरिग्रह! गरजेपेक्षा जास्त वस्तू म्हणजे मनावरचं ओझं. कपाटं उपसली. जुन्या वस्तू नेणारी गाडी दारात आली होती, तिला दोन मोठ्या पिशव्या दिल्या. त्यात बायकोच्या अकरा वस्तू, मुलीच्या सात, सासूबाईंच्या चार आणि माझा एक मोजा. (माझ्या चौदा शर्टांबाबत अजून चिंतन व्हायचंय.) खूप हलकं वाटलं.

१० मार्च
सासूबाईंच्या निळ्या डब्यात त्यांच्या कानाच्या मशीनचे सेल होते म्हणे. मला तो रिकामा डबा वाटला. दुकानदार सांगतो, मशीन जुन्या बनावटीचं, सेल मागवावे लागतील, महिना तरी जाईल. सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या, डोकं तल्लख, पण मशीनशिवाय ठार बहिऱ्या. दिवसभर मी ‘माफ करा’ असं ओरडत होतो आणि त्या ‘नको, आत्ताच झाला’ म्हणत होत्या. त्यांना वाटलं, मी चहा विचारतोय.
बायको माझ्याशी बोलत नाहीये. तिचं मौन माझ्यापेक्षा चांगलं आहे. यावरून सुचलं.

११ मार्च
मौन. आठवड्यातून एक दिवस, सोमवार. नेमकी आज मोठ्या साहेबांची मीटिंग. ते म्हणाले, प्रमुख निवृत्त होईपर्यंत मेकॅनिकांच्या पाळ्या चष्मेवाली बघेल, कुणाची हरकत? मी कागदावर ‘आहे’ लिहिलं. कागद वर धरला. साहेबांना वाटलं, हजेरीबद्दल लिहिलंय. म्हणाले, हो हो, दिसलात. तेवढ्यात बिस्किटं आली आणि विषय संपला.
मौन म्हणजे संमती, असं कुणी ठरवलं? नक्कीच भरपूर बोलणाऱ्या माणसाने.
पुढच्या आठवड्यापासून मौन रविवारी.

१४ मार्च
जेवताना सत्य या व्रताबद्दल सांगत होतो. कॉलेजातली लेक म्हणाली, मीपण पाळते आजपासून. मी कौतुकाने म्हटलं, शाब्बास. ती म्हणाली, ‘बाबा, तू आधी नुसता चिडका होतास. आता चिडून वर प्रवचन देतोस. आधीचं लवकर संपायचं.’
सत्य हे व्रत अठरा वर्षांखालच्यांना देऊ नये. ती एकोणीसची आहे. बावीस करावं.

१८ मार्च
साक्षीभाव. याच साधनेत मला खरी गती आहे. काहीही करायचं नाही, नुसतं बघायचं.
आमच्याच ऑफिसच्या दोन नंबरच्या लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर ‘टक’ असा आवाज येतो आणि एक हिसका बसतो. वॉचमनने तक्रारीचा फॉर्म भरून माझ्या ट्रेमध्ये टाकला. मी स्वतः लिफ्टने वर-खाली गेलो. टक आला. टक गेला. त्याकडे बघत राहिलो. फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘अनित्य.’

२० मार्च
त्याच लिफ्टचा दुसरा फॉर्म. शेरा: ‘हेही जाईल.’
चष्मेवालीने विचारलं, दोन नंबरचा फॉर्म पुढे पाठवला का? मी हसून म्हटलं, मन स्थिर असलं की टकाचा त्रास होत नाही. ती म्हणाली, मन असेल स्थिर, ब्रेक बघायला हवा. या तरुण पिढीला बाह्य जगाचं फार!

२१ मार्च
तिसरा फॉर्म. शेरा लिहायला जागा नव्हती. नुसता ॐ काढला.

२२ मार्च, दुपारी ४.४०
हे ऑफिसच्या जिन्यात बसून लिहितोय. अक्षर वाकडं आलंय, ते पायरीमुळे.
तीन वाजता मोठ्या साहेबांबरोबर दोन नंबरच्या लिफ्टने निघालो. ते नव्या प्रमुखाबद्दलच बोलायला लागले होते. तिसऱ्या मजल्यापाशी टक आला. पण या वेळी गेला नाही. लिफ्ट थांबली. दिवा गेला.
सव्वीस मिनिटं.
या काळात मी बहुतांशी शांत होतो. बंद जागेत आवाज घुमतो, त्यामुळे ओरडल्यासारखं वाटलं असेल. सगळी बटणं दाबली, ती तांत्रिक तपासणी म्हणून. साहेबांचा टाय धरला, तो आधारासाठी. ‘आई गं’ हा शब्द दोघांपैकी कुणीतरी उच्चारला. साहेब म्हणतात, ते नव्हते.

२२ मार्च, संध्याकाळी
पुन्हा लिहितोय. वही माझीच आहे, इथे काय लपवायचं.
ओरडलो. जाम ओरडलो. मग खालीच बसलो. श्वास घेण्याचे इतके प्रकार मला ठाऊक, एकही आठवेना.
मग लिफ्टच्या स्पीकरमधून चष्मेवालीचा आवाज आला. तिने श्वास घ्या वगैरे काही सांगितलं नाही. विचारलं, ‘सकाळी नाश्त्याला काय खाल्लंत?’ मी म्हटलं, टोस्ट. ‘किती?’ चार. ‘बिनमिठाचे?’ (माझं पथ्य ऑफिसात सगळ्यांना पाठ झालंय.) मी म्हटलं, अळणी लागतं हो सगळं. ती म्हणाली, ‘लिंबू पिळून बघा. मुलगी काय शिकते?’ असं काहीबाही विचारत राहिली. मी उत्तरं देत गेलो. मध्येच म्हणाली, ‘मेकॅनिक वर पोचलाय, आता एक हिसका बसेल, घाबरू नका.’ बसला. दार उघडलं. बाहेर अख्खं ऑफिस उभं.
साहेबांचा टाय सोडायचा राहिला होता.

२३ मार्च
साहेबांनी तीनही फॉर्म मागवले. ‘अनित्य’, ‘हेही जाईल’, ॐ. अक्षर ओळखीचं. त्यांनी विचारलं, हा काय प्रकार आहे? मी म्हटलं, साक्षीभाव. ते म्हणाले, ‘आपल्या कंपनीला साक्षीदार नकोत. लिफ्टमध्ये कुणाचा हात सापडला असता तर?’


२९ मार्च
खुर्ची चष्मेवालीला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, सगळ्यात जोरात. दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हटलं, मला कधीच या फळाची इच्छा नव्हती. ‘इच्छा’ या शब्दावर आवाज चिरकला. लोकांना वाटलं, गहिवरलो.
घरी आलो. बायकोने तोंडाकडे बघून ओळखलं. मी तयारीत होतो, आता टोमणा येणार. ती एवढंच म्हणाली, ‘मला फार वाटत होतं हो, तुम्हाला मिळावी.’ आणि माझ्या हातातली बॅग घेतली. मी तिला अनासक्तीबद्दल काहीतरी सांगणार होतो. त्याऐवजी चपला काढल्या.
तेवढ्यात सासूबाईंनी आतून विचारलं, मिळाली का जागा? मी म्हटलं, नाही मिळाली. त्या म्हणाल्या, काय? नाही मिळाली! काय? नाही मिळाली हो, नाही मिळाली!! मग समोरच्या दाराची कडी वाजली, वरच्या गॅलरीतून कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं, आणि सासूबाई म्हणाल्या, ‘मिळाली ना? मला ठाऊकच होतं. गुणाचे आहात.’
त्यांना तसंच राहू दिलं.

२ एप्रिल
चष्मेवालीने (आता ‘मॅडम’ म्हणायला हवं, जीभ वळत नाही) मला बोलावलं. अडकलेल्यांचे सगळे फोन यापुढे फक्त मी घ्यायचे. मी विचारलं, ही शिक्षा आहे का? ती म्हणाली, ‘नाही. इथे आत अडकून बसलेला माणूस फक्त तुम्ही आहात. साहेब तर फोनवर यायलाच तयार नाहीत.’

९ एप्रिल
एक आजी. एकट्या, हातात दुधाची पिशवी, बंद लिफ्टमध्ये. मेकॅनिक लांब, पाऊण तास लागणार. सुरुवातीला त्यांचा आवाज कापत होता.
मी श्वासाचं नाव काढलं नाही. विचारलं, दूध किती आणलंत? मग त्यांचं मांजर निघालं, गुडघा निघाला, दूरदेशी गेलेला लेक निघाला. मी त्यांना साहेबांच्या टायची गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की पिशवी सांडली म्हणाल्या. मग मीच बोलत राहिलो, त्यांना एकटं वाटू नये म्हणून. झुरळ, निळा डबा, सासूबाई, सगळं सांगितलं. दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा बघितलं, माझ्यासमोर चहा होता आणि त्यावर साय धरली होती. पाऊण तास मी स्वतःबद्दल एकदाही विचार केला नव्हता!

१० एप्रिल
हेच ते निष्काम कर्म! महिनाभर कुठेकुठे शोधलं. घरी सगळ्यांना समजावून सांगितलं. लेक म्हणाली, बाबा, निष्काम असेल तर चार वेळा कशाला सांगतोस?
जाता जाता: आजी फोन ठेवताना म्हणाल्या होत्या, ‘तुमच्या ऑफिसला पत्र लिहीन.’ पत्राची अपेक्षा मुळीच नाही. सूचनाफलकावर उजव्या कोपऱ्यात जागा आहे. चार टाचण्या काढून ठेवल्या.

१३ एप्रिल
पत्र नाही. अपेक्षाही नाही. डाक दोनदा येते का, विचारून घेतलं. एकदाच येते.

१६ एप्रिल
आजींचं वय झालंय. हाताने लिहायला वेळ लागतो.

१८ एप्रिल
पत्र आलं. मॅडमनी सगळ्यांसमोर वाचलं, मीच आग्रह केला होता.
‘तुमचा मेकॅनिक फार गुणी. जाताना सांडलेलं दूधसुद्धा पुसून गेला. फोनवरचे गृहस्थही भले आहेत, पण फार बोलतात. पहिल्या दहा मिनिटांत माझी भीती गेली होती. नंतर जरा भिंतीला टेकून डुलकी काढावी म्हणत होते, तर त्यांची सासू काही संपेना. तेवढं सांभाळावं.’
कुणी हसलं नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. (टेबल त्यांनी फिरवून घेतलंय.) मग त्यांनी हळूच विचारलं, याची तक्रार म्हणून नोंद करायची का? मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. रजिस्टर काढलं आणि माझ्याच अक्षरात लिहिलं: तक्रार क्रमांक ४१८. बिघाड: फोनवरचा माणूस बोलतो. उपाय: कमी बोलणे.
पेन खाली ठेवतोय तोच फोन वाजला. बँकेच्या इमारतीत एक गृहस्थ अडकलेले. मी म्हटलं, ‘माणूस निघालाय.’ आणि ठरवल्याप्रमाणे गप्प बसलो. एक मिनिट गेलं. दोन गेली. मनाशी म्हटलं, जमतंय.
तिसऱ्या मिनिटाला पलीकडून रडवेला आवाज आला, ‘अहो, आहात का तिकडे? बोला ना काहीतरी!’