पलंगाचं पोट

२ नोव्हेंबर २००३, रविवार
आपण ज्या पलंगावर झोपतो त्याच्या पोटात काय आहे हे जाणण्याचा हक्क भाडेकरूला आहे की नाही, याबाबत घटनाकार गप्प आहेत. म्हणून आज मलाच बोलावं लागलं.
सकाळी दारात मिसेस चड्ढा. घरमालकीण, राहतात वरच्याच मजल्यावर. "भाभी, ठंड आ रही है. रजाइयां निकालनी हैं." कुठून, तर आमच्या बेडरूममधून! पलंग बॉक्सचा, कुलूप त्यांचं. गाद्या उचलल्या, उशा खुर्चीवर, सुधीर लुंगीत कोपऱ्यात. आत त्यांच्या मुलाच्या लग्नातल्या पाहुण्यांसाठी भरवलेल्या रजयांचं अख्खं खानदान. दोन काढल्या आणि झाकण लावायला निघाल्या.
म्हटलं, "ॲग्रीमेंट में डबल बेड लिखा है. अंदर-बाहर सब हमारा."
"अंदर का तो किराया लगाया ही नहीं, भाभी!"
सु. मागून पुटपुटतोय, "अगं, राहू दे ना." राहू दिलं नाही. सगळ्या रजया वर गेल्या, किल्ली माझ्याकडे आली. दिवसभर गुणगुणत होते.

३ नोव्हें.
पलंग खचला. सकाळी जाग आली तर दोघंही मधोमध, एकमेकांच्या अंगावर. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हा योग कशाला.
गादी काढून पाहिलं. खालची प्लाय जुनीच तडकलेली. आजवर तिला तोलून धरलं होतं ते चड्ढांच्या रजयांनी. म्हणजे हक्क मिळवला आणि आधार...
पुढे लिहवत नाही.

५ नोव्हें.
सु. फरशीवर सतरंजी टाकून झोपतोय. हसण्यासारखं नाही. दोन वर्षांपूर्वी मणक्याने दगा दिला होता, तेव्हापासून कडक पलंग, गार जमीन नाही, असं डॉक्टरचं बजावणं आहे. सरकारी नोकरी सोडून गुडगावच्या कंपनीत लागलाय, अजून पर्मनंट नाही. आता पाठ धरली तर कंपनी काही वाट बघत बसणार नाही.
वर जाऊन सांगितलं. चड्ढाजी म्हणाले, "मैडम, हमने तो ठीक-ठाक दिया था. बैठा तो आपसे है." माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले. मी वजनाचा विषय टाळला.
पुण्याला सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा 'इन्क्वायरी'च्या ऑफिसात जाऊन तक्रार लिहायची, महिन्याने का होईना सुतार यायचा. आपण सरकारला शिव्या द्यायचो. आता खुली अर्थव्यवस्था. तक्रारीला एकच खिडकी, आणि तिच्यात चड्ढाजी.

९ नोव्हें., रविवार
चड्ढाजी मुआयना, म्हणजे पाहणी, करायला आले. माकडटोपी, स्वेटर. मी तीन मुद्दे पाठ करून ठेवले होते. पहिला सुरू करणार तोच ते पलंगावर सरळ आडवेच झाले. "देखिए, बिल्कुल ठीक..."
आणि गेले. पाय वर, टोपी डोळ्यांवर.
"हाथ दो जी, हाथ!" मिसेस चड्ढांनी एक हात धरला, मी दुसरा. सु. पुढे सरसावला, त्याला ओरडून मागे लोटला. वर काढल्यावर चड्ढाजी खुर्चीत बसले, टोपी सरळ केली. मग, "चाय पिलाओ यार." चहा संपता संपता, "प्लाई डलवा देते हैं. मोटी वाली."
मुद्दे तसेच राहिले. जरा वाईटच वाटलं.

१६ नोव्हें.
सुतार येऊन प्लाय बसवून गेला. खर्च चड्ढांचा. पलंग दगडासारखा. सु. घोरतोय, सुरात.

२१ डिसें.
धुकं. चकल्या द्यायला वर गेले. दिवाणावर रजया, सोफ्यावर रजया, फ्रिजवरसुद्धा एक. चड्ढाजी बाल्कनीत वेताच्या मूढ्यावर, मफलर गुंडाळून. "आइए. अंदर नए किरायेदार हैं, भाभीजी. किराया भी नहीं देते."
मी हसले. खाली येऊन बॉक्स उघडून पाहिला. दोन सुटकेसी आणि मिक्सरचं रिकामं खोकं. यासाठी लढले.

४ जाने. २००४
काय ही थंडी! आमची दुलई पुण्याच्या हिवाळ्यासाठी शिवलेली. दोघं मोजे घालून झोपतो. मिसेस चड्ढांना कुठून कळलं कोण जाणे, संध्याकाळी एक जाड रजई हातात ठेवली. "ओढ़ लो. बॉक्स में मत डालना, मैडम."
'भाभी'ची 'मैडम' झाले. टोमणा पोचला. रजई मात्र काय उबदार आहे!

१४ मार्च, रविवार
ऊन छान. सु. पर्मनंट झाला, कालच पत्र आलं. सकाळपासून श्रीखंडाचा चक्का टांगलाय.
रजईची खोळ धुतली, रजई गच्चीत उन्हात घातली. सुटकेसी माळ्यावर टाकल्या, खोकं कबाडीवाल्याला दिलं. बॉक्स पुसला, डांबराच्या गोळ्या टाकल्या, रजई तळाशी एका कडेला लावून ठेवली. बाकीची जागा रिकामी.
किल्ली वर नेऊन दिली. मिसेस चड्ढांनी दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारून बांधली.
जूनमध्ये ॲग्रीमेंट संपतंय. सु. विचारतोय, नव्यात बॉक्सबद्दल काय लिहायचं. म्हटलं, बघू.
रजयांच्या ढिगामागे कुणीतरी धापा टाकत जिन्यातून खाली येतंय.