डावा कौल

१२ जुलै १९६१, बुधवार. रिहे.
एस.टी. आलीच नाही! दूध घेऊन पुण्याला निघालेला शेजारचा बहिरू अर्ध्या वाटेवरून माघारी. "पानशेत फुटलं! पुण्यात नदी घराघरात शिरलीया."
आमचा पोरगा वाल्मीक तिथंच छापखान्यात कामाला. खोली मुठेच्या काठी. खिडकीतून नदी दिसते, याचंच मला कोण कौतुक! शाळेत नदीला आई म्हणणारी कविता होती — सगळा वर्ग डोलायचा. आज दुसरी ओळ आठवेना.

१३ जुलै
आमच्या हिनं, साळूनं, पाणीसुद्धा घेतलं नाही. "ल्योक दिसल्याबिगर घास गिळायची न्हाई." बहिरू शोधायला चालत गेलाय. माझे गुडघे मला देवळापर्यंत नेतात तेवढंच.
भैरवनाथाच्या देवळात गेलो. कुशाबा गुरवाला म्हटलं, कौल लाव. तो घुटमळला. "कशाला इचारता? बसा नुसतं घटकाभर."
ऐकलं नाही. नाथाच्या दोन्ही खांद्यांवर त्यानं ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर पोरगं सुखरूप. नाथ माझ्याकडं बघतोय, मी फुलांकडं — डावं पडलं.
"छप्पर गळतंय, त्यानं बी पडलं आसंल." थेंब तर उजवीकडं पडत होता!
"साळूला सांगू नकोस."
"गुरवाला खोटं बोलाया लावता व्हय, हैबतराव? मी गप ऱ्हातो. तुमचं तुमी बघा."
घरी सांगितलं — उजवा दिला. हिनं हात जोडले. "मग बसा जेवाया." स्वतःही बसली. ठेचा पुन्हा पुन्हा वाढून घेतला! हिच्यादेखत मीही भाकरी संपवली.

१४ जुलै
ओटीवरून रस्ता, रस्त्यावरून ओटी. ही खुशाल भातलावणीला निघाली! "नाथानं उजवा दिलाय न्हवं? मग कशाला येरझाऱ्या?"
देवाच्या नावावर खोटं बोललो. आता त्याच्यापुढं कुठल्या तोंडानं जाऊ? आणि जायला दुसरी जागा तरी कुठली!

१५ जुलै
बहिरू आला. खोलीच्या जागी नुसता गाळ. "मान्सं शाळाशाळांत ठिवलीत. समद्या बघून न्हाई झाल्या." नजरेला नजर देत नव्हता.
राहवेना. चुलीपुढं बसलो नि सांगून टाकलं — डावं पडलं होतं गं.
भाकरी उलटत म्हणाली, "ठावं हाय."
"कुशाबा बोलला?"
"त्यो कशाला बोलतोय! तुमच्या आदी, पहाटं, मीच लावला हुता. डावाच."
"मग जेवलीस कशी?"
"म्यां न्हाई जेवले, तर तुमी जेवला असता?" तिनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली. "आन् नाथ न्हाई म्हनला, म्हून काय झालं? त्येच्याबिगर कुनाच्या दारात जायाचं?"

१६ जुलै
बातमी नाही.
देवळात गेलो. कुशाबा फुलं भिजवायला उठला. म्हटलं, राहू दे. आज विचारायचं नाही. नुसतं बसायचंय.
ही आधीच येऊन बसली होती. थोडी सरकली.