थोरलीचं घर

३ जुलै
उद्या विमान! माझा ठरलेला नवरा, बाकार, मार्सेयहून येतोय. वर्षानुवर्षं "पुढच्या जुलैत नक्की" म्हणत होता. या वेळी खरंच गावजेवणाचे बैल ठरलेत, मोठं लग्न लागणार.
घराला चुन्याचा शेवटचा हात मारला. आमच्या बेटाच्या या काळ्या लाव्हाच्या दगडावर पांढरं घर किती लांबून दिसतं! आमच्याकडे घर मुलीचं, तेही थोरलीचं आधी. नवरा येऊन राहतो. व्हॅनिलाच्या एकेका फुलाला काट्याने पराग लावून फळ धरवलं, तेव्हा एकेक भिंत उभी राहिली.
शेजारची तोयबात म्हणाली, "फुलांची लग्नं लावता लावता स्वतःच म्हातारी झालीस की गं!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

५ जुलै
आला. टक्कल पडलंय, पोट सुटलंय. मला चालेल. माझ्याकडे बघून आईला म्हणाला, "ही उन्हाने पार करपलीय." माझ्यासमोर! एशातीने कॉफी आणली. माझी धाकटी बहीण. गरीब पोर, मान वर केली नाही.

६ जुलै
आई माझ्याशी बोलत नाही. का?

७ जुलै
मामा आला. आमच्यात मामाचा शब्द शेवटचा. उभ्याउभ्याच म्हणाला, "बाकारला एशाती हवी. लग्न याच घरात."
थट्टा वाटली मला. आई जमिनीकडे बघत होती.
"मग लग्न मोडा."
"मोडा? बैल दारात बांधलेत. गाव नवरीचं तोंड बघत नाही, पातेलं बघतं!"
"नवरा न्या. घर माझं आहे."
मामा चिडला नाही, हसला. "ठेव की घर. उद्यापासून तुझ्याशी कुणी बोलणार नाही. मेलीस तर खांदाही कुणी देणार नाही."
करतात ते. वाळीत टाकलेल्या सूफ कोळ्याला त्याच्या बायकोने हातगाडीवर घालून कबरस्तानात नेलं होतं. आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो.

८ जुलै
एशाती माझ्या मांडीत डोकं खुपसून रडली. "ताई, मला नको गं तो! पण नाही म्हटलं तर मलाही टाकतील." तिच्या केसांना तेल लावलं. घर दिलं. मामासाठी नाही, आईसाठी तर नाहीच. तिच्यासाठी.

१९ जुलै
चंदन उगाळून तिच्या तोंडाला लावायचं कामही माझ्याकडेच. तोयबात होतीच — "नीट लाव गं, नवरी ती आहे!"
चौकात बायका नाचल्या. बाकारने जरीचा झगा चढवला. मोठं लग्न केल्याशिवाय पुरुष गावात पोरच. कालपर्यंत मशिदीत मागे बसायचा, आज पहिल्या ओळीत. पन्नाशीत मोठा झाला एकदाचा!
मी पातेली घासली. मांस छान शिजलं होतं. खरंच.

२ ऑगस्ट
बाकार परत गेला. एशाती विमानतळावर हसत होती. बरं झालं, सावरली पोरगी.
मी आता आईच्या पत्र्याच्या खोलीत. कार्थालाच्या ज्वालामुखीतून धूर निघतोय म्हणे. निघू दे. फुटू दे!

११ ऑगस्ट
आईची टाकी आटली. या दगडात नदी नाही, विहीर नाही. पावसाचं साठवलेलं तेवढंच पाणी. बादली घेऊन एशातीकडे गेले.
"ताई, विचारून घेत जा."
मी म्हटलं, "अगं, तुझ्यासाठी घर सोडलं मी."
"माझ्यासाठी?" ओढणी सारखी करत म्हणाली, "रमजानात मीच त्याला फोन केला होता. म्हटलं, थोरली म्हातारी झालीय, मला बघ."
बादली रिकामीच परत आणली.