मागचा कोण होता?

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजपण कुणी आलं नाही. एकपण नाही! एवढा मोठा सायकलवाल्यांचा ग्रुप, माझ्या नातवाचा, दर्शनचा पाय महिनाभर उशीवर आहे, आणि एकाच्याही चाकाला आमच्या दिघाशी गावाचा रस्ता सापडत नाही.

हे मी फोनला सांगते आहे. मनालीने, माझ्या लेकीच्या पोरीने, बटण दाखवलं — दाबायचं, बोलायचं, अक्षरं आपोआप पडतात. मी कधी पाटी धरली नाही, पण या फोनमधलीला येतं सगळं. बरी आहे बया. सुनेसारखी मध्ये बोलत नाही.

तर झालं असं. दर्शन गोदामात कामाला जातो. कुणाची तरी वापरलेली गिअरवाली सायकल घेतली आणि दर रविवारी शहरातल्या मंडळींबरोबर फिरायला लागला. त्यांच्या सायकली म्हणे मोटरसायकलीहून महाग! भिवंडी-वाडा रस्त्याला खड्ड्यात गेला, नडगी मोडली. भाजीच्या टेम्पोवाल्याने उचलून घरी आणला.

"तुझी मंडळी कुठं होती रे?" मी विचारलं.

"आजी, सगळ्यांत मागे मीच होतो. कुणाला कळलंच न्हाय."

तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलाय. बापाला बोलला, सायकल विकून टाक.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

एक बरं आहे. दुपारी मी मागे लागले की ग्रुपवरचं वाचून दाखवतो. तेवढाच उठून बसतो.

आजच्या बातम्या: रस्त्यात टाकलेली खडी परत वर आली. तिकडे नारपोलीत सकाळपासून लाइट नाही, कापडाचे लूम बंद. टोमॅटो महागले. मग मिसळ कुठली चांगली यावर भांडण — तासभर! शिकलेली माणसं ही!

आता मला एकेकाची ओळख झाली आहे. गंधार बँकेत आहे, तो रोज विचारतो, "दर्शन, पाय कसा आहे?" निवेदिता शाळेत शिकवते, तिचं आपलं, "गोळी घेतलीस ना?" मी बोलले, हिचं लक्षण मला बरं दिसत नाही हं. दर्शन लाजला. किती दिवसांनी हसला मेला!

आणि तात्या. रिटायर झालेले कारकून. दर्शनला गाढवाशिवाय हाक नाही. "गाढवा, जेवलास का?" आमचे हे होते तेव्हा अगदी असंच विचारायचे. म्हणून तात्यांवर माझा राग जरा कमी.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज लिहायलाच लावलं. "लिही, आजी बोलते म्हणावं. तोंडाने पाय कसा, पाय कसा विचारून हाड जुळतं काय? या इथं. आमच्या घराला काटे लावलेत का?"

मी बोलून थांबले नाही तोच तिकडून उत्तर! गंधार बोलला, "आजी, चुकलं. रविवारी सगळे येतो. सुकट करा."

करते की. आधी खाऊ घालते, मग ऐकवते.

रविवार, ९ नोव्हेंबर

मेल्यांनो!

सुकट केली. तांदळाच्या भाकऱ्या केल्या, सुनेलाही पहाटे उठवलं. अंगणात सतरंजी घातली. ऊन डोक्यावर आलं, कोंबड्या सतरंजीवर बसून गेल्या, माणूस नाही. मग दर्शन फोन बघून बोलला, "आजी, पुलावर ट्रेलर आडवा झालाय. अडकले सगळे."

ट्रेलर! भिवंडीत ट्रेलर रोज आडवा होतो. आणि सायकल अडकते होय ट्रेलरला? उचलून पलीकडे ठेवता येते!

सून बोलली, "आई, एवढा राग बरा न्हाय, बीपी हाय तुम्हाला." मी बोलले, बीपी माझी हाय, मी बघते तिला.

मग दर्शनला विचारलं, तुमच्यात मागे राहिलेल्याचं बघतं कोण? तर त्यांचा नियम आहे म्हणे. एक जण शेवटाला चालवतो. त्याने कुणाला मागे टाकून पुढे जायचं नाही. मधूनमधून ओरडायचं, "मागे मी आहे!" म्हणजे पुढच्याला धीर.

"मग त्या दिवशी मागचा कोण होता?"

"सांगितलं ना. मीच."

आणि परत भिंतीकडे तोंड.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज प्लास्टर काढायला निजामपुऱ्यात गेलो. मनाली तिथेच राहते, तीही आली. डॉक्टरांनी दर्शनला आत बोलावलं, तसा त्याने उघडाच फोन माझ्या हातात दिला. मी मनालीला बोलले, "पिवळ्या सायकलचं चित्र हाय ना, तो ग्रुप. वाच, माझी मंडळी आज काय बडबडतात."

पोरगी वर-खाली करत राहिली. "आजी, यात काही न्हाय."

"न्हाय काय? तात्यांचं वाच. काल रात्री ते पडवळाच्या भाजीवरून—"

"आजी, हा पडला त्या रविवारनंतर यात काहीच न्हाय."

"मग शेवटचं काय हाय ते वाच."

तिने वाचलं. सकाळी मिसळीचा फोटो. खाली सगळ्यांचं, मस्त राइड, मस्त राइड. संध्याकाळी दर्शनचं — "गंधारदादा, आज मागे तू होतास. मी दोन हाका मारल्या. तू बघून पुढे गेलास. थांबला का न्हाईस?"

आणि त्याच्या खाली, दर्शनला ग्रुपातून काढलं.

तात्यांनी नाही विचारलं. निवेदिताने नाही. एका माणसाने नाही!

म्हणजे महिनाभर मी भांडले कुणाशी? पाय कसा, गोळी घेतलीस का, सगळं हाच बोलत होता. ज्याने टाकून दिलं त्याच्याच तोंडी माया घालत होता. आणि ते गाढवा कुठून आलं ते आता कळलं. आजोबाचं तोंड तात्यांना लावून दिलं पोराने.

मनालीला बोलले, गप्प राहायचं. दर्शन बाहेर आला, फोन त्याच्या हातात दिला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज नको. त्या गंधारला जे बोलायचं आहे ते बोलले तर हा फोन फुटेल.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुपारी मीच बोलले, "वाच रे."

दर्शनने वाचलं, "गंधार विचारतोय, आजी अजून रागावली हाय का?"

"हो म्हणावं. जन्मभर. आणि खाली लिही — दर्शनच्या मागे मी आहे."

त्याचा अंगठा तसाच वर राहिला. माझ्याकडे बघेना.

"लिही, गाढवा," मी बोलले. "पाठवू नको कुणाला. नुसतं लिही."