शेटचा शेवटचा भाव

१३ फेब्रुवारी २००६, संध्याकाळी ६.२०

टेकचंद शेटच्या दुकानात बसून भाव टाईप करत होतो. शेटचं उल्हासनगरात ड्रेस मटेरियलचं होलसेल. त्यांना वेबसाईट हवी आहे — बाहेरगावच्या व्यापाऱ्याने घरबसल्या घासाघीस करायची! त्याने आपला भाव टाकायचा, पानाने म्हणायचं 'मंजूर' नाहीतर 'थोडं वाढवा'.

शेवटचा भाव शेट आकड्यात लिहीत नाहीत. लेबलवर अक्षरं लिहितात. कुठलं अक्षर म्हणजे कुठला आकडा, हे त्यांना आणि काउंटरवरच्या तेजलला माहीत, बस्स. आज तिने एकेक लेबल फोडून सांगितलं, मी लिहिलं. चौसष्ट भाव. एका जागी मी २६५ चे २५६ केले, तिने लगेच पकडलं. "शुद्धलेखन पक्कं म्हणतोस ना रे? आकड्यांचं काय?"

१४ फेब्रुवारी

सगळे भाव सर्व्हरवरच्या वेब.कॉन्फिग फाइलमध्ये ठेवले. ती फाइल बाहेर कुणाला उघडत नाही, क्लासमध्ये शिकवलं होतं. शेटना म्हटलं, तिजोरी समजा.

१६ फेब्रुवारी

अडलो. भाव तपासणारी स्क्रिप्ट व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालते, तिला ती फाइल वाचता येत नाही. सर्व्हरला विचारायला गेलो तर दर वेळी अख्खं पान नव्याने येतं. शेट वैतागले — इतक्या वेळात गिऱ्हाईक चहा पिऊन दुसऱ्या दुकानात जाईल.

रात्री सुचलं. पान तयार होतानाच सर्व्हरने फाइलमधले भाव पानातल्या स्क्रिप्टमध्ये लिहून द्यायचे. चार ओळी. झटकन चाललं! शेटनी समोसे मागवले.

६ मार्च

नाशिकच्या व्यापाऱ्याने सात मालांना भाव टाकले. सातही बरोबर शेवटच्या भावाला. रुपयाचा फरक नाही.

९ मार्च

सोलापूरवाल्याचंही तेच. शेटनी तेजलला समोर बसवलं. ओरडले नाहीत. "भाव मुझे मालूम, तेरे को मालूम, कंप्यूटर को मालूम. कंप्यूटर तो बोलता नहीं, बेटा."

मी बाजूलाच होतो, माऊसवर हात. मला त्यांनी कॉम्प्युटरमध्येच धरलं असावं. तेजलने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग गल्ल्याची किल्ली काढून ठेवली, डबा घेतला आणि गेली.

भाव कुठून फुटले ते तेव्हा मला माहीत नव्हतं — हे दुसऱ्या दिवशी इथे लिहून ठेवतो.

१० मार्च

पानावर राइट क्लिक करून 'व्ह्यू सोर्स' केलं, म्हणजे पानामागचं लिखाण उघडलं. चौसष्ट ओळी. मालाचा नंबर, पुढे शेवटचा भाव. एकाखाली एक, नीट, एकही चूक नाही. कुणालाही वाचता येईल असं. मीच लिहिलेलं.

११ मार्च

दुरुस्त केलं. पानात आता एकही भाव नाही. स्क्रिप्ट व्यापाऱ्याचा आकडा तेवढा सर्व्हरकडे पाठवते, सर्व्हर हो किंवा नाही म्हणतो. पान हलतसुद्धा नाही. क्लासच्या पुस्तकात होतं हे. तो धडा अवघड वाटला म्हणून मी सोडला होता.

शेटना सांगायला उठलो. आज व्यापारी वरच्या भावाला आले म्हणून ते खूश. "देखा? लड़की गई, बात बाहर जाना बंद." मी मान हलवली. का हलवली?

१२ मार्च

नाही सांगितलं.

१५ मार्च

शेटनी दोनशे रुपये हातावर ठेवले, साईट छान चालते म्हणून. घेतले. तेजलच्या जागी कुणी नाही. लेबलं शेट स्वतःच फोडतात, चष्मा लावून. आज परत २६५ चे २५६ झाले होते. कुणी पकडलं नाही, मलाच नंतर दिसलं.

१९ मार्च, रविवार

सोनिवलीला तेजलच्या घरी गेलो. आईने पाणी दिलं. सगळं सांगितलं, खाली बघून.

ती म्हणाली, "माहितीये. नाशिकवाल्याने मला फोनवर हसत हसत सांगितलं होतं, राइट क्लिक करून बघ म्हणून. शेटनी बसवलं त्याच्या आदल्या दिवशी. मला वाटलं, तू आत्ता बोलशील."

खर्च: तिकीट ८, रिक्षा १०.
देणं: शेटचे २००. उद्या दहाला, कारणासकट.