पेटतं टोक

लाडक्या येर्रम्मा,

समुद्राच्या वाऱ्यात विझू नये म्हणून चिरुटाचं पेटतं टोक तोंडात धरून ओढायला आपण दोघी आईकडूनच शिकलो. तू सोडलास, तेव्हा मी सगळ्या कोळणींसमोर चिडवलं, "बघा, विशाखापट्टणमची मडम आगीला भ्याली!"

तू म्हणालीस, "अक्का, टाळू जळतेय तुझी." मी नुसती हसले.

आता टाळूलाच कॅन्सर निघालाय. डॉक्टर ती कापणार. मी विचारलं, "बोलता येईल ना?" तो म्हणाला, "बोलता येईल, पण शब्द नाकातून येतील, लोकांना नीट कळणार नाहीत." माझं सगळं आयुष्य या जिभेवर गेलं गं!

हे पत्र टाकत नाही. सकाळच्या बसने मीच येतेय. तुझं खरं होतं, हे तुला कळेल अशा शब्दांत सांगायचंय. मग पोटभर चिडवीन.

तुझी आगाऊ अक्का,
नूकालम्मा