आईच्या हातातलं सुकाणू

४ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला यॉट चालवायचं लायसन्स मिळालं, हे इथे सगळ्यांना मिरवून सांगितलं. पण मागोमाग काकांचं पत्र आलं आणि मी तडक हे लिहायला बसले. येत्या रविवारी तू बाबांची यॉट घेऊन बंदराबाहेर निघणार म्हणे, तेही काका-काकूंना घेऊन! बाबा असताना तू फक्त दोर सोडायचीस. काका लिहितात, वहिनींना वाटतं ती स्कूटरच आहे, ब्रेक दाबला की थांबेल. आई, विकून टाक ना ती बोट. बाबा गेले, आता मला तू एकटीच उरली आहेस.

राग धरलास तरी चालेल, माया मात्र पातळ करू नकोस.

तुझी,
छकुली

९ एप्रिल

चि. छकुलीस,
अनेक उ. आ. वि. वि.

तुझं पत्र शनिवारीच मिळालं. मुद्दामच रविवार उलटेपर्यंत उत्तर लिहिलं नाही.

सकाळी हवामानाचा अंदाज ऐकला. इंजिनखोलीतली पेट्रोलची वाफ पंख्याने बाहेर काढली. कुठे जाणार, कधी परतणार, ते बंदराच्या कचेरीत सांगितलं. मग गाडं अडलं जीवरक्षक जॅकेटवर. भाऊजी म्हणाले, त्याने नवा शर्ट झाकला जातो. मी म्हटलं, मग शर्टासकट धक्क्यावर बसा, इंजिन काही सुरू होणार नाही. तोंड फुगवून घातलं एकदाचं.

बाहेर पडल्यावर ते फोटो काढायला मागच्या कठड्यावरून वाकले. तेवढ्यात एक बोट भरधाव शेजारून गेली, तिच्या लाटेने आम्ही हेलकावलो आणि भाऊजी धपकन पाण्यात! काकू किंचाळली. माझे हात मात्र आपसूक चालले. आधी गिअर काढला, इंजिनाची पाती त्यांच्या पायाशी फिरायला नकोत म्हणून. मग तरंगतं कडं फेकलं. काकूला दरडावलं, की रडायचं नंतर, आधी त्यांच्याकडे हात रोखून धर आणि नजर हलवू नकोस. वायरलेसवर बंदराला कळवलं. ते मागे सुटल्यावर पुन्हा गिअर टाकून मोठं वळण घेतलं, वारा समोर ठेवला आणि मुंगीच्या पावलांनी त्यांच्यापाशी आले. ते शिडीला हात घालायच्या आधी इंजिन साफ बंद केलं. भाऊजी जॅकेटात बुचासारखे तरंगत होते. दोघींनी दंडाला धरून त्यांना वर ओढलं.

परतताना वारा चढला होता. धक्क्यावर बातमी आमच्या आधी पोचलेली, बघ्यांची ही गर्दी! छकुले, एका झटक्यात बोट लावली, कुठे ओरखडासुद्धा नाही. टॉवेलात गुंडाळलेले भाऊजी दिसेल त्याला ओरडून सांगत होते, की या आमच्या वहिनी, आणि याच कप्तान. तुझ्या बाबांना अशी सुबक कधी लावता आली नाही, हे मी घरी येऊन त्यांच्या फोटोलाही ऐकवलं.

बोट विकायचं नाव काढू नकोस. जावईबापूंना आशीर्वाद. तुझ्यावरची माया आहेच, सध्या तिला भरती आहे.

तुझी,
आई

१५ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. काका पाण्यात पडले तिथे मी पत्र यांच्या हातात कोंबलं, पुढचं यांनी वाचलं. सासूबाई सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तुझं पत्र शेजारी दाखवायला घेऊन गेल्या, ते अजून परत आलेलं नाही.

मी हरले गं. विकण्याची गोष्ट संपली. सुट्टीत आम्ही दोघं येतोय, आणि मला सुकाणू धरायला शिकायचंय. लेक म्हणून सूट देऊ नकोस. चुकले तर काकूला दरडावलंस तशी मलाही दरडाव. हे विचारतायत, कप्तानबाईंच्या बोटीवर जावयाला जागा मिळेल का.

उत्तर लवकर धाड, आणि त्यात थोडा तोराही असू दे, तुला शोभतो.

तुझी होऊ घातलेली खलाशी,
छकुली